कोण कोणाचं खातं

साहेबांनी यंत्रातून कार्ड काढलं, पाकिटात घातलं, पाकिटावर तारीख लिहायला घेतली, आणि यंत्र बंद पडलं. आधी तीन वेळा शिटी वाजली, मग आतली घरघर थांबली. खाटेवर नवरा बसला होता. नाकात नळी होती, नळीत काही येत नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे. साहेब तारीख लिहीत होते.

"साहेब, बंद पडलं," मी म्हणाले.

"कसं पडेल?" वर न बघताच म्हणाले.

"पडलंय."

"तसं कारण नाही."

नवऱ्याची छाती भात्यासारखी वरखाली व्हायला लागली. त्याचं आयुष्य ओतकामाच्या भट्टीपुढे गेलं, फुप्फुसं तिथेच राहिली. त्यामुळे हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं हे यंत्र त्याला दिवसातून सोळा तास लागायचं. ते आमच्याच कंपनीतलं नमुन्याचं यंत्र होतं. त्यातला बोर्ड मी जोडलेला होता आणि साहेबांनी लिहिलेला होता. बोर्ड लिहितात म्हणजे काय, ते सांगायला हवं. आणि साहेब म्हणजे काय, तेही. नाहीतर पुढचं समजणार नाही.

धायरीत एका पत्र्याच्या शेडमध्ये आमची कंपनी होती. आठ बायका, चार इंजिनिअर, एक मालक. दवाखान्यातल्या यंत्रांच्या पोटात बसणारे बोर्ड आम्ही करायचो. मी चौथी शिकलेली. सोल्डरिंगला चौथी पुरते. नजर आणि हात स्थिर लागतात, ते माझे पंचवीस वर्षं होते.

साहेब सरकारी प्रयोगशाळेतून निवृत्त होऊन आले होते. राहायला नारायण पेठेत. रोज बसने धायरीला यायचे, पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि गळ्यात कापडी पिशवीत व्होल्ट मोजायचा मीटर. मालकांनी त्यांना सल्लागार म्हणून ठेवलं होतं. सल्ला कोणी मागायचं नाही, तो मिळायचा.

मीटर त्यांनी गळ्यातून काढलेला मी पाहिला नाही. कोणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवरचं घड्याळ उतरवून त्याचा सेल मोजायचे, मग बसायचे. आमच्यातल्या एकीच्या मुलीच्या लग्नात कार्यालयाच्या मॅनेजरला बोलावून त्यांनी सांगितलं की तुमच्या तिसऱ्या खांबावरच्या प्लगला अर्थिंग नाही. मॅनेजर म्हणाला, आजोबा, जेवण झालं का? साहेब म्हणाले, जेवणाला अर्थिंग लागत नाही.

आता बोर्ड लिहिणं. बोर्डावर एक मोठी चिप असते, ते त्याचं डोकं. वीज आली की ते डोकं जागं होतं, पण त्याला काहीही माहीत नसतं. आपल्याला काय काय जोडलेलं आहे हे त्याला कोणीतरी सांगावं लागतं. ते सांगणारी एक फाइल असते. साहेब तिला 'वर्णन' म्हणायचे. त्यात लिहायचं की आतली मेमरी एक, ती बोर्डावर पक्की बसवलेली, सगळा प्रोग्रॅम तिच्यात. कार्डाची खाच एक, तिच्यात कार्ड असेल किंवा नसेल. आणि यातल्या प्रत्येकीला वीज कुठून मिळते, किती व्होल्ट मिळते. नवे इंजिनिअर बाकी सगळं लिहायचे आणि शेवटचं गाळायचे, कारण ते न लिहिताही बोर्ड चालू व्हायचा.

"चालतंय ना सर," ते म्हणायचे.

"चालतंय हे वर्णन नाही. म्हैससुद्धा चालते. कोण कोणाचं खातं ते आधी लिहा."

हे वाक्य दिवसातून चारदा तरी ऐकू यायचं. त्यामागचं कारणही मी इतक्या वेळा ऐकलं की मला पाठ झालं. बोर्डाचं डोकं कंजूस असतं. वीज वाचवायची म्हणून ज्याची गरज नाही त्याचा नळ ते बंद करतं. गरज कोणाला आहे हे ते वर्णनात बघतं, प्रत्यक्षात बघत नाही. एखाद्या नळावर कोणाचंच नाव नसेल तर नळ बंद, मग पलीकडे कोणी घागर लावून उभं का असेना.

"ज्याचं नाव लिहिलेलं नाही, त्याला भूक नाही," साहेब म्हणायचे. "असं बोर्ड समजतो. त्याचा दोष नाही."

इंजिनिअरांना हे समजायला वेळ लागला. मला एका दिवसात समजलं. सासूचं नाव रेशन कार्डावर चढवायला मी महिनाभर चकरा मारल्या होत्या. सासू स्वतः पिशवी घेऊन दुकानदारासमोर उभी होती. तो म्हणाला, नाव नाही. ती म्हणाली, अरे बाबा, मी ही उभी आहे की. तो म्हणाला, उभ्या आहात, पण कार्डावर नाही. मी हे साहेबांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा हसले आणि तो दुकानदार कुठे असतो ते विचारून घेतलं. त्यांना तो माणूस आवडला होता.

मोघम बोललेलं त्यांना खपत नसे. एका नव्या इंजिनिअरने सांगितलं, सर, कार्डाला साधारण सव्वातीनच्या आसपास व्होल्ट येताहेत.

साहेबांनी विचारलं, "तुमचं लग्न झालंय का?"

"हो सर. मार्चमध्ये."

"साधारण कोणाशी?"

तो पोरगा मीटर घेऊन परत गेला आणि तीन पॉइंट तीन शून्य असा आकडा घेऊन आला.

मालकांच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला मात्र साहेबांचं तत्त्व जरा महागात पडलं. दिवाणखान्यात एक प्लगांची पट्टी होती, तिला पाच वायरी लावलेल्या, एकीवरही चिठ्ठी नाही. साहेबांनी मालकीणबाईंना विचारलं, यावर कोण कोण आहे? त्या पाहुण्यांत होत्या, म्हणाल्या, असेल काहीतरी, दिव्यांची माळ वगैरे. 'वगैरे' ऐकून साहेबांनी पट्टी बंद केली. संध्याकाळी कळलं की वगैरे म्हणजे माशांच्या टाकीतला हवेचा पंप होता. सहा मासे होते. दुसऱ्या दिवशी साहेबांनी मालकांना पत्र दिलं, खाली आकृती काढून. त्यात लिहिलं होतं, मासे दगावल्याचा खेद आहे, परंतु पट्टीवर त्यांचा उल्लेख नव्हता.

मालकांनी ते पत्र आम्हाला वाचून दाखवलं. पाचव्या ओळीनंतर हसू आवरेना म्हणून त्यांना वाचवेना. मालकीणबाई मात्र साहेबांशी पुढे कधी बोलल्या नाहीत.

सगळ्यात जास्त त्रास द्यायची ती बदलांची वही. बोर्डावर कोणीही काहीही बदललं, एक तार इकडची तिकडे केली, तरी त्या वहीत लिहायचं. कोणी केलं, कुठून कुठे केलं, किती व्होल्ट, आणि त्या नळावर आधीपासून कोण आहे. तोंडी सांगितलेलं ते ऐकूनच घ्यायचे नाहीत. सांगायला गेलं की कानावर हात ठेवायचे, खरोखर ठेवायचे, दोन्ही.

"सांगू नका, लिहा."

"साहेब, एकच तार आहे."

"मग एकच ओळ लागेल."

एक ओळ कधीच लागायची नाही. मी लिहिलेली एक नोंद त्यांनी चार वेळा परत केली. पहिल्यांदा तारेची लांबी नव्हती. दुसऱ्यांदा वेळ नव्हती. तिसऱ्यांदा मी कारण म्हणून 'गरज पडली' असं लिहिलं होतं. चौथ्यांदा सगळं होतं, तर म्हणाले, तारेचा रंग? मी म्हटलं, साहेब, तार तुमच्या समोर आहे, पिवळी आहे. म्हणाले, मला दिसतेय, वहीला दिसत नाहीये. त्या दिवशी माझी बस चुकली.

अकरा वर्षांत त्यांनी माझ्या कामाला एकदाच चांगलं म्हटलं. म्हणजे 'ठीक आहे' म्हटलं. बाकीच्या सातजणींना तेही मिळालं नाही.

आता ती तार.

नवऱ्याला दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, घरी ऑक्सिजनचं यंत्र हवं, आजच हवं. भाड्याने देणाऱ्या दोन ठिकाणी विचारलं, दोन्हीकडे थांबा म्हणाले. मालक म्हणाले, आपलं नमुन्याचं यंत्र तयार होतंय, ते घेऊन जा, तुमचंही काम होईल आणि आपलं यंत्र महिनाभर चालवून बघितल्यासारखं होईल. अशी यंत्रं तपासणी पुरी झाल्याशिवाय घरी द्यायची नसतात. हे मला आता माहीत आहे असं नाही, तेव्हाही माहीत होतं.

संध्याकाळी यंत्राचा डबा बंद करायच्या आधी मी बोर्ड चालू करून पाहिला. चालू होईना. आतल्या मेमरीला मोजून वीज देणारा जो बारीक भाग असतो, रेग्युलेटर म्हणतात, तो गेला होता. दुसरा कपाटात नव्हता, दोन दिवसांनी येणार होता. शेजारीच कार्डाच्या खाचेचा रेग्युलेटर होता, तोही तीन पॉइंट तीनचाच. मी एक तार टाकली आणि मेमरीला कार्डाच्या नळावर आणून बसवलं. बोर्ड चालू झाला. डबा बंद केला, स्क्रू आवळले, रिक्षात घालून यंत्र घरी आणलं.

वहीत लिहिलं नाही. विसरले नव्हते. लिहिलं असतं तर साहेबांनी यंत्र दोन दिवस ठेवून घेतलं असतं, आणि त्यांचं बरोबर असतं. दवाखान्याच्या पायरीवर नवरा सामान घेऊन बसला होता, त्याचंही बरोबर होतं.

यंत्र बारा दिवस उत्तम चाललं. तेराव्या दिवशी साहेब कार्ड न्यायला आले. यंत्र किती तास चाललं, ऑक्सिजन किती दिला, हे सगळं कार्डावर लिहिलं जायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं होतं. आल्या आल्या घड्याळाचा सेल मोजला, दीड महिना राहिलाय म्हणाले. चहा घेतला. मग कार्ड काढलं.

पुढचं सुरुवातीला सांगितलं आहे.

साहेबांनी पाकीट खिशात ठेवलं आणि भिंतीच्या प्लगला मीटर लावला.

"दोनशे एकतीस," म्हणाले. "घरात वीज आहे."

"माझ्यात नाही," नवरा म्हणाला. तेवढं बोलायला त्याला तीन श्वास लागले.

घरात अडीअडचणीला एक छोटं सिलिंडर होतं. ते उघडायला पाना लागतो. पाना नवऱ्याने दोन दिवसांपूर्वी वरच्या मजल्यावरच्या बाईंना दिला होता, त्यांच्या गॅलरीतला नळ गळत होता म्हणून. मी वर धावले, तर कुलूप. फोन केला, तर बाई शहराच्या दुसऱ्या टोकाला, मांजरी गावाला मुलीकडे गेलेल्या.

"अहो, पाना कुठे ठेवलाय?"

"पर्समध्येच आहे की. आल्यावर देते."

पाना पर्समध्ये घालून मांजरीला का नेला, हे त्यांनी आजपर्यंत सांगितलेलं नाही. मी पक्कडीने सिलिंडर उघडून पाहिलं, पक्कड घसरली, अंगठा फाटला. ॲम्ब्युलन्सला फोन केला. ते म्हणाले निघालो, आणि पाच मिनिटांनी म्हणाले सिंहगड रोडला अडकलोय.

तेवढ्यात साहेबांनी यंत्राचं बटण बंद करून पुन्हा चालू केलं. घरघर सुरू झाली. नवऱ्याने डोळे मिटून दोन श्वास घेतले. साहेब म्हणाले, झालं. अर्ध्या मिनिटात तीन शिट्या आणि शांत.

त्यांनी मागची जाळी काढून साफ केली. पुन्हा चालू. अर्धं मिनिट. तीन शिट्या.

या दुसऱ्या वेळी मला कळलं. बोर्ड सगळे नळ उघडून जागा होतो, वर्णन वाचतो, कार्डाच्या खाचेत बघतो, तिथे कार्ड नाही. मग या नळावर कोणाला गरज? कोणालाच नाही. नळ बंद. आणि त्याच नळावर माझ्या तारेने लटकलेली आतली मेमरी, जिच्यात सगळा प्रोग्रॅम, ती मरते. वर्णनात लिहिलेलं होतं की मेमरी तिच्या स्वतःच्या नळावर आहे. साहेबांनीच लिहिलं होतं, स्वतः मोजून. त्यामुळे कार्डाचा आणि यंत्र बंद पडण्याचा काही संबंध असेल हे त्यांच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. सगळ्या जगाने सांगितलं असतं तरी त्यांनी वर्णनावर विश्वास ठेवला असता.

मला कळलं आणि मी गप्प राहिले. का राहिले हे मी स्वतःला बरेचदा विचारलं आहे. लाज, नोकरी, वही, काहीही म्हणा. साहेबांनी तिसऱ्यांदा बटण दाबलं, तेव्हा मी उभी राहून मनात तीस आकडे मोजले. तीन शिट्या झाल्या. नवऱ्याचे ओठ जांभळे झाले होते आणि तो भलतंच काहीतरी बोलायला लागला होता, भट्टीचं दार लावा, दार लावा.

"साहेब, मी तार टाकली आहे," मी म्हणाले.

त्यांचे हात सवयीने कानांकडे गेले. अर्ध्यावर थांबले.

"कुठून कुठे?"

"कार्डाच्या रेग्युलेटरवरून आतल्या मेमरीला. तिचा जळला होता."

"कधी?"

"घरी आणलं त्या दिवशी."

"वहीत?"

"नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. फार वेळ नसेल, पण मला तो पुरला. मग त्यांनी खिशातून पाकीट काढलं, नीट चिकटवलेलं, ते फाडलं, कार्ड खाचेत सरकवलं आणि बटण दाबलं.

मी मोजत होते, साहेबांचे ओठ हलत होते, नवरा नळी दोन्ही हातांनी नाकाशी धरून बसला होता. तीस झाले. चाळीस झाले. साठ झाले तेव्हा साहेब जमिनीवर बसले. पांढऱ्या शर्टाला पाठीवर घामाचा नकाशा झाला होता. मी त्यांना जमिनीवर बसलेलं तेव्हाच पाहिलं.

पाच मिनिटं गेली असतील. नवऱ्याच्या तोंडावर रंग आला. साहेबांनी घसा साफ केला.

"वही कंपनीत आहे," म्हणाले. "घरात कोरा कागद असेल?"

"आत्ता?" मी म्हणाले.

"आत्ता तुम्हाला सगळं आठवतंय."

मी कॅलेंडरचं जुनं पान दिलं. ते त्यांनी उलटं करून माझ्यापुढे ठेवलं आणि पेन काढून दिलं. अंगठ्याला फडकं बांधलेलं, तशीच मी लिहीत बसले. तार कुठून, कुठे, किती व्होल्ट, किती लांब. कारण या ठिकाणी मी लिहिलं, नवऱ्याला ऑक्सिजन हवा होता. त्यांनी ते वाचलं आणि या वेळी परत केलं नाही.

"त्या नळावर आधीपासून कोण आहे?" त्यांनी शेवटचा रकाना दाखवला.

"कार्ड," मी म्हणाले.

"आणि मी," खाटेवरून नवरा म्हणाला. "माझं नाव घाला त्यात."

साहेबांनी तो रकाना पुन्हा वाचला. मग म्हणाले, "तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. लिहा."

मी लिहिलं. ॲम्ब्युलन्सवाले आले तेव्हा पेशंट खाटेवर बसून खाली वाकून कागद वाचत होता आणि मी सही करत होते. त्यांनी विचारलं, सीरियस कोण आहे? कोणालाच पटकन सांगता येईना. शेवटी त्यांनी माझा अंगठा शिवायला मला नेलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मालकांना अहवाल दिला. मला वाटलं होतं ते माझं नाव गाळतील. गाळलं नाही. तार कोणी टाकली, नोंद कोणी केली नाही, सगळं स्पष्ट. त्याच्याखाली लिहिलं होतं की यंत्र रुग्णाकडे जाण्यापूर्वी वर्णन प्रत्यक्ष बोर्डाशी ताडून पाहण्याची जबाबदारी खाली सही करणाऱ्याची होती व त्याने ती पार पाडली नाही. खाली त्यांची सही. मालक आधी माझ्यावर ओरडले, मग त्यांच्यावर, मग आपण स्वतः यंत्र घरी दिलं होतं हे आठवून गप्प झाले. यंत्र परत गेलं, भाड्याचं मिळालं. माझी नोकरी राहिली, कारण तेवढं बारीक सोल्डरिंग करणारं दुसरं कोणी नव्हतं. साहेबांची राहिली, कारण त्यांना काढायचं कसं हे कोणाला माहीत नव्हतं.

त्यानंतर साहेब महिन्यातून एकदा आमच्याकडे यायचे. कामाचं काही नसायचं. नवऱ्याशी बोलायचे, म्हणजे भट्टीचं तापमान किती असायचं ते विचारायचे, आणि नवरा 'साधारण' म्हणाला की त्याला पुन्हा विचारायचे. नवऱ्याला तो माणूस अजिबात आवडायचा नाही. पहिला शनिवार आला की दाढी मात्र करून बसायचा.

साहेब चार वर्षांनी गेले. बसस्टॉपवर, हार्टने, दुपारी. तेराव्याला नवरा पाठीला छोटं सिलिंडर अडकवून माझ्याबरोबर नारायण पेठेत आला, दोन जिने थांबत थांबत चढला आणि तीन जिलब्या खाल्ल्या.

यंत्र बंद पडलं त्या दिवशी खोलीत आम्ही तिघं होतो आणि तिघंही वाचलो. आता नवरा आहे आणि मी आहे.